साडूच्या किल्ल्यावर चाल

“अरे जाळा ना त्याला! कोण थांबलंय, कशासाठी? ठेवून काय लोणचं घालणार आहात?”

भागवता, हे वाक्य तुझ्या तेराव्याच्या पंगती नुकत्या उठल्यावर, फैजपूरला, तुझ्याच घराच्या पुढच्या खोलीत, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर दणाणलं. बोलणारी बाई वरणगावला होती आणि आवाज माझ्या फोनमधून येत होता. मी फोन कानाला लावायला गेलो आणि अंगठा स्पीकरवर पडला. खोलीत तुझे पाव्हणे बसलेले, कुणाच्या हातात सुपारी, कुणाच्या हातात पाण्याचा गडू. सगळ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले. भिंतीवरची पालसुद्धा अर्ध्या वाटेत थबकली, असं मी धुळ्याला जाऊन सांगणार आहे.

आपल्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, नाना, खुर्चीत डुलक्या घेत होते. ते दचकून उठले आणि म्हणाले, “आरे, त्याले बठ्ठा मिळीसन जाळी उनात ना! आते आखो काय जाळनं शे?”

फोनमधून सुनंदाताई ओरडतच होती. “आज दुपारी त्याची ढाल उतरतेय! परक्यांनी जाळला तर सगळं धान्य त्यांच्या घशात. आपला माणूस आहे, आपणच जाळायचा!”

मी फोन खिशात कोंबून कोंबड्यासारखा दाबून धरला. स्वयंपाकघराच्या दारात अक्का येऊन उभ्या होत्या. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, “कोणाला जाळायचं म्हणते ती?”

आता सांग भागवता, काय सांगू मी त्यांना? तुझ्या बायकोला, तुझ्या तेराव्याला, की तुला एकदा जाळून पुरलं नाही, तू अजून एका ठिकाणी उभा आहेस आणि तिथेही अग्नी द्यायचा राहिलाय?

आपण साडू. दोन बहिणी केल्या म्हणून लागलेलं नातं. घरच्या कार्यात तू मला ‘प्रल्हादराव, तुम्ही’ म्हणायचास, मी तुला ‘भागवतराव, घ्या ना’ म्हणायचो, आणि पानात श्रीखंड वाढून झालं की बोलायला काही उरायचं नाही. तू केळीवाला, मी धुळ्याला हायवेवर ट्रकच्या चाकांवरचे पोलादी कमानपाटे विकणारा. तुझा माल मऊ, माझा कडक. मग त्या लॉकडाऊनमध्ये कुणीतरी आपल्याला तो मोबाईलवरचा राज्य उभारायचा खेळ लावून दिला आणि आपलं नातं उलटंपालटं झालं. ओसरीवर ‘तुम्ही’ आणि खेळात ‘तू’. माझी बायको लता म्हणायची, “साडू-साडू सवतीसारखे भांडता आणि सवतीसारखेच एकमेकांवाचून जेवत नाही.”

भांडण एकच. ते वर्षानुवर्षं चाललं आणि संपलं नाही. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगतो. प्रत्येकाला एक किल्ला मिळतो. त्या किल्ल्यात एक विद्यापीठ असतं, तिथे रिसर्च लावायचा. एका वेळी एकच. शेतीचा लावला तर धान्य वाढतं, घोडदळाचा लावला तर घोडे तेज होतात, दवाखान्याचा लावला तर लढाईत पडलेले शिपाई मरत नाहीत, खाटेवर जाऊन पडतात आणि मग बरे करता येतात. खाटा संपल्या की पुढचा जखमी तो मेलाच. वर वर जाल तसा एकेक रिसर्च आठवडेच्या आठवडे खातो. म्हणजे आधी काय शिकायचं आणि काय नंतरवर टाकायचं, यातच माणसाचा सगळा स्वभाव उघडा पडतो.

माझं म्हणणं स्वच्छ होतं. आधी घोडदळ. मग घोडदळ. त्यानंतर उरलं तर अजून घोडदळ. आणि काय घोडदळ होतं माझं! घोडे निघाले की फोन इतका तापायचा की लतानं त्यावर पापड भाजून घेतलाय. माझ्या टापांचा धुरळा नकाशावर उठला की इकडे सोनगीरपर्यंत ट्रकवाले लाईट लावायचे. तू हे ऐकून खोऽऽ करून हसायचास आणि म्हणायचास, “घोडे तुये लय भारी रे, पन त्याईचं पोट कोन भरीन? उपाशी घोडा रस्त्यातच बसते.”

तुझा क्रम म्हणजे केळीची लागवड. आधी शेती, मग कोठार, मग दवाखाना, मग तटबंदी. फौज शेवटी. “पहिले मुयं, मंग पानं, मंग घड. तू खांब रोवायच्या आधी घड मांगते.” तुझ्या कोठारात इतकं धान्य साठलं होतं की तिथल्या उंदरांना साखरेची तपासणी करायला जावं लागायचं. आणि दवाखान्याचं तर तुला वेडच. दवाखान्याच्या रिसर्चची एक पायरी झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. मी विचारायचो, “भागवता, तू राज्य चालवतो की सरकारी हॉस्पिटल?” तू म्हणायचास, “जखमी मानूस जगला पाह्यजे, गड्या. मेलेल्याले काय रिसर्च लावशीन?”

आणि खरं सांगू? मी जेवढ्या वेळा मोहिमेवरून हात हलवत परत आलो, तेवढ्या वेळा तुझ्या धान्याच्या गाड्या माझ्या दारात उभ्या होत्या. न मागता. सोबत एका ओळीचा टोमणा: “घोड्याईले चारा पाठवला, तू बी खाय.” खेळातच नाही. माझ्या आबांना गावी पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी धुळ्यात डोकं धरून बसलो होतो, आणि तू फैजपूरहून गाडी काढून आलास, आबांना मागच्या सीटवर आडवं केलंस, कुणाला विचारलं नाहीस, सांगितलं नाहीस. दवाखान्यात डॉक्टर यायच्या आधी तू खाट, पाणी, चादर सगळं लावून मोकळा. आबा त्यानंतर चांगले चालते-फिरते झाले. अजून विचारतात, “तो केळीवाला कुठे शे?” मी सांगितलेलं नाही.

आपला किल्ला आपणच जाळायचा, हा नियमही तूच केलास ना. तुझ्या मळ्यात हिवाळ्यात भरिताची पार्टी होती. खेळात आपल्या बाजूने लढणारी सगळी ‘खान्देश पलटण’ पहिल्यांदा एकमेकांना डोळ्यांनी दिसली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, पलटणीला हुकूम सोडणारी सुनंदाताई वरणगावच्या कारखान्यातली पाळी करून थेट आली होती. चोपड्याचे एक मास्तर होते, त्यांची बदली झालेली, ते म्हणाले मी खेळ सोडतो. त्यांच्या किल्ल्याचं काय करायचं? ढाल असेपर्यंत किल्ल्यावर चाल होत नाही, पण ती लावायला मालक नसला की ओस किल्ल्यावर परके गिधाडासारखे पडतात आणि तिथलं धान्य खाऊन आपल्यावरच चालून येतात. तेव्हा तू भरिताने माखलेलं बोट वर करून पलटणीला सांगितलंस, “मालक गेला की घरच्याईनंच आग लावून जायायचा. सगळ्यात जवयचा जो आसीन त्यानं पहिली चाल करायची. दुसऱ्याच्या हातून नाई.”

मास्तरांनी आधी आपली शिबंदी काढून घेतली, दरवाजे उघडे ठेवले, आणि आपण हसत-खेळत त्यांचा किल्ला जाळला. मास्तर स्वतः टाळ्या वाजवत होते. पुन्हा पुन्हा भरीत वाढून घेत होते.

तू कुठे दरवाजे उघडे ठेवलेस? तुझा फोन बोटाच्या ठशावर उघडणारा. नंबर कुणाला माहीत नाही, अक्कांना नाही, कुणालाच नाही. बोट तर आम्ही चितेवर ठेवून आलो. फोन तुझ्या फोटोशेजारी पडून होता. मेल्यानंतरही तुझा किल्ला नकाशावर तसाच: तटावर सगळी शिबंदी उभी, कोठारं गळ्यापर्यंत भरलेली, विद्यापीठात कसला तरी रिसर्च चालू, आणि वर तू जायच्या आधी लावलेली ढाल. लांब मुदतीची. तुझं सगळंच लांब मुदतीचं. ती ढाल तेराव्याच्या दुपारी उतरणार होती.

मला तो जाळायचा नव्हता. पलटणीला मी सांगून टाकलं होतं: आपण रोज पहारा देऊ, आपली फौज त्याच्या तटावर बसवू. सुनंदाताई म्हणाली, “किती दिवस, प्रल्हादभाऊ? हंगामाची लढाई तोंडावर आहे. तुमचे घोडे तिथे बसवून ठेवणार का?” मी म्हणालो, बसवतो. मी जन्मभर बसवतो. ती म्हणाली, “त्याचाच नियम आहे.” बाई खोटं बोलत असती तर मी धुळ्याच्या बस स्टॅंडवर ऐकू जाईल इतकं भांडलो असतो.

पण मला कळत होतं मी कशासाठी भांडतोय. ओसरीवरचा भागवतराव गेला, त्याला खांदा दिला, झालं. पण तो दुसरा, ज्याला मी ‘अरे’ म्हणत होतो, तो त्या किल्ल्याएवढाच उरला होता. तो जाळला की मला ‘तू’ म्हणायला जगात साडू उरणार नव्हता.

आणि राग. तो तर सांगायलाच हवा, कारण तू असतास तर तुला तोंडावर सांगितला असता. अख्ख्या पलटणीला दवाखाना आधी, दवाखाना आधी म्हणून पिडणारा माणूस, आणि स्वतःच्या छातीत भरून आलं तर ओवा चावत बसला! मी फोनवर म्हणालो होतो, दाखव कुठे तरी. तू म्हणालास, “पित्त हाये रे. माल कापनीले आला, गाड्या भरून जाऊ दे, मंग पाहू.” कापणी नंतर नसती झाली? घड काय झाडावरून उडून जाणार होते? तूच म्हणायचास ना, क्रम चुकला की राज्य बुडतं? तुझ्या राज्यात दवाखान्याची शेवटची पायरी झालेली होती आणि तू भुसावळचा दवाखाना यायच्या आधी गाडीतच गेलास. माझा घोडदळवाल्याचाही क्रम याच्यापेक्षा बरा होता, भागवता. मी निदान छाती दाखवायला गेलो असतो, डॉक्टरसमोर मोठमोठ्याने विव्हळलो असतो, सगळा वॉर्ड जागा केला असता.

तर अक्का दारात उभ्या आणि विचारतायत, कोणाला जाळायचं. मी सांगितलं. सगळं. पाव्हणे आपापल्या गाड्यांकडे गेले होते, नाना पुन्हा डुलक्या घेत होते. अक्का माझ्यासमोर खाली बसल्या, फोन हातात घेतला, तुझा किल्ला पाहिला.

“हे बांधत होते होय एवढे दिवस?”

“हो अक्का.”

“मी म्हणायची, मान मोडेल फोनमध्ये घालून घालून.” मग म्हणाल्या, “सगळ्यात जवळचे तुम्हीच का?”

“खेळात मीच.”

“मग दुसरा कोणी यायच्या आधी करा तुम्ही.”

मी केली चाल. घोषणा देऊन केली, मनातल्या मनात, कारण तेराव्याचं घर होतं. माझं सगळं घोडदळ, एकूण एक स्वार, जे मी इतकी वर्षं तुझ्या टोमण्यांच्या छाताडावर उभं केलं होतं, ते तुझ्या दिशेने सुटलं. नकाशावर ती बारीकशी रेघ तुझ्याकडे सरकत होती. अक्का शेजारी बसून पाहत होत्या. मला वाटलं, एका तडाख्यात होईल, सुटेन. पेटलेलं लवकर विझावं असं वाटतं ना, तसं.

काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण मी सांगणारच. तुझ्या भिंतीवर माझं घोडदळ असं फुटलं जसं कढईत पाणी पडल्यावर तेल फुटतं. तुझे शिपाई, तुझे शेवटच्या नंबरवर ठेवलेले, पोटभर जेवलेले, टुकार शिपाई तटावरून हलले नाहीत. पडायचे, उचलून दवाखान्यात जायचे, मागचे पुढे यायचे. आणि माझे? माझ्या दवाखान्यात खाटाच नव्हत्या. मी कधी केल्याच नाहीत. जो पडला तो मेला. लढाईचा अहवाल आला तेव्हा माझ्याकडे घोडदळ नावाची गोष्ट उरली नव्हती. धुळ्याचा सरसेनापती एका मेलेल्या केळीवाल्याकडून हरला, तोही त्याच्या गैरहजेरीत!

मी हसलो. तेराव्याच्या घरात मोठ्यांदा हसलो, नाना परत जागे झाले. जिंकलास रे, जिंकलास. इतकी वर्षं भांडलो, कधी मानलं नाही, आता तूच समोर नाहीस तर कुणाला सांगू की तुझा क्रम बरोबर होता? हसता हसता माझा आवाज कुठे तरी फाटला. अक्कांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला नाही, पाणी आणलं नाही, काही केलं नाही. शेजारी बसून राहिल्या.

मग सुनंदाताईने सगळ्या पलटणीला एकदम सोडलं. कुणी जामनेरहून, कुणी शिरपूरहून, कुणी दुबईत नोकरीला गेलेला पारोळ्याचा, सगळे तुझ्यावर तुटून पडले. कुणी बोलत नव्हतं. एरवी ह्या लोकांच्या आरड्याओरड्याने फोन फुटायचा. पहिल्यांदा मागे रेटले गेले. परत गेले. दुपार कलली तेव्हा तुझ्या तटाला आग लागली. पाहवत नव्हतं आणि नजर हलत नव्हती. धान्य आम्ही वाटून घेतलं. माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आलं, कारण सगळ्यांनी आपापल्यातलं थोडं मला पाठवलं. ते खायला माझ्याकडे घोडा एकही नाही.

किल्ला जळाला की खेळ तो उचलून नकाशावर कुठे तरी लांब फेकतो, कुठे ते सांगत नाही. तू आता तिथे आहेस. कुठल्या तरी ओसाड कोपऱ्यात, मोडक्या भिंतींत, आणि तुझ्या दवाखान्यात सगळ्या खाटा भरलेल्या. तुझी अख्खी फौज तिथे पडून आहे. बरं करायचं एक बटण असतं, ते मालकानेच दाबायचं असतं. ते आता कुणी दाबणार नाही. ते मरणारही नाहीत आणि उठणारही नाहीत. असा विचार करायला नको, मला माहीत आहे. लता म्हणते खेळ आहे तो, जेवा. मी जेवतो.

निघताना गाडी सुरू केली आणि परत बंद केली. अक्का फाटकाशी आल्या होत्या. काही तरी चांगलं बोलून निघावं असं वाटलं. सासुरवाडीची रीतच तशी, निघताना माणसाचं एक तरी गुण गाऊन निघायचं. म्हटलं, “अक्का, माझा तर एक माणूस वाचला नाही. पण भागवतरावांचा एकही शिपाई मेला नाही आज. जो पडला तो वेळेवर दवाखान्यात पोचला. अशी व्यवस्था सगळ्या पलटणीत दुसऱ्या कुणाची नव्हती.”

अक्का फाटकाची कडी लावत होत्या. ती लावून झाल्यावर म्हणाल्या,

“ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी रिक्षा दारात आणून उभी केली होती. बसले नाहीत.”